पहिला धक्का

तडकलेला माठ. छपरावर उभी शेळी. उटनूरच्या घाटात दरडीमागे अडलेली मदतीची जीप. भूकंपाला सहा तास झाले तरी चंपतराव हातांनीच दगड उपसत होता. त्याची बायको सोजरबाई दुसऱ्या धक्क्यात कोसळलेल्या घराखाली होती. दुपारपर्यंत तिचं कण्हणं ऐकू येत होतं. शेजारच्या धोंडीबानं ढिगाऱ्याला कान लावला आणि नकारार्थी मान हलवली. “दादा, पह्यल्या धक्क्याले सारं गाव बाहेर पळालं. वहिनीच आत काऊन राह्यली?” “तिले चूल इझवायची होती,” चंपतराव म्हणाला आणि पुढचा दगड धरला. बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीत तीस वर्षं काढून तो या डोंगरगावी परतला होता. तिथं जमिनीखाली सुरुंग उडाला, की घरातली भांडी रोजच खडखडायची आणि कोणी जागचं हलत नसे. पहिल्या धक्क्याला सोजरबाईही अंगणात आली होती; पण “सुरुंग हाय, भित्रे!” म्हणत त्यानंच तिला हसून आत पाठवलं.