गरिमासाठी लॉकर

"ऑटोमॅटिक नको," केदार म्हणाला. "तो सोडून तुम्ही म्हणाल तो बसवतो, काका."

"का पण? मला तर तोच आवडलाय," गरिमा म्हणाली. "बटन नाही, झंझट नाही. आपोआप लागतो."

गरिमाचे वडील महिपतराव बाजूला उभे होते. हजीऱ्यातल्या केदारच्या या गॅरेजात शिरल्यापासून त्यांना घाम फुटला होता. उन्हाला दोष द्यायची सोय होती, म्हणून बरं.

दारात जीप उभी होती. अंबरीशची जीप. दोन वर्षांपूर्वी चंबळच्या बीहडात, त्या घळींच्या रानात, मातीच्या एका आडव्या उतारावर ती मागून घसरली आणि गरिमाच्या भावाला घेऊन घळीत गेली. तो वाचला नाही. जीप दुरुस्त होऊन आली आणि शिंदे की छावनीतल्या घरामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. आता गरिमाने हट्ट धरला होता, दादाची गाडी दादाच्याच जीप-क्लबबरोबर बीहडात न्यायची. आईने अबोला धरून पाहिला. उपयोग झाला नाही. मग महिपतराव एवढंच म्हणाले, "आधी लॉकर बसवू."

हे म्हणायला आपल्याला दोन वर्षं उशीर झाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अंबरीश किती मागे लागला होता! बीहडात एक चाक हवेत उचललं गेलं की सगळी ताकद त्याच चाकात जाते. ते गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. जेवताना त्याने दोन वाट्या आणि चमचा मांडून हे सगळं समजावलं होतं. महिपतराव हसले होते. "आपल्या पूर्वजांनी हा मुलूख घोड्यावरून पालथा घातला. घोड्याला कुठे होता लॉकर? हे चोचले माझ्या दारात नकोत." त्या घरात वडील एकदा नाही म्हणाले की विषय मिटत असे. अंबरीशनेही तो पुन्हा काढला नाही.

तेराव्याला केदार आला होता. अंबरीशचा जिवलग मित्र. जीपचं बारीकसारीक कामही त्याच्याशिवाय होत नसे, आणि त्या दिवशी तो मागच्याच गाडीत होता. महिपतरावांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "लॉकर असता तर वाचला असता का रे?"

केदार जमिनीकडे पाहत म्हणाला, "हो, काका."

त्या एका होकाराने महिपतरावांची झोप गेली ती गेलीच. शांताताईंना, पोराच्या आईला, त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. अंबरीशच्या फोटोला हार घालतानाही ते नजर चुकवत. आपणच त्याला मारलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"ऑटोमॅटिक का नको, ते तरी सांग," ते आता म्हणाले.

काउंटरवर दोन नमुने ठेवले होते. केदारने ऑटोमॅटिकवाल्याला हातही लावला नाही. "आडव्या उतारावर गाडीला जरा जोर दिला की हा दोन्ही चाकं बांधून टाकतो. मग घसरतात ती दोन्ही एकदम, आणि मागचा अख्खा भाग खाली ओढला जातो. काहीच नसलं तर निदान एक चाक जमीन धरून राहतं. बटनवाला बरा. हवा तेव्हा लावायचा, आडव्या उतारावर काढून टाकायचा." त्याचा आवाज चढला होता.

"अरे, ठीक है ना, केदारदादा," गरिमा म्हणाली. "एवढं भडकायला काय झालं?"

महिपतरावांना मात्र भरून आलं. पोरगा हिला सख्ख्या बहिणीसारखी जपतो, त्यांना वाटलं. "बटनवालाच बसव. मागच्या चाकांना."

"गाडी ठेवून जा. संध्याकाळी घरी आणून देतो."

"मी बसतो इथेच. माझ्यासमोर खोल."

"काका, तेल-वंगणाचं काम. कपडे खराब होतील. तुम्ही कशाला त्रास..."

"मागच्या वेळी लक्ष घातलं नाही, त्याचं भोगतोय. आता एकेक नट बघणार आहे." त्यांनी स्टूल ओढलं. "आणि हो, वळताना मागून आवाज येतो तिचा. टक टक. फूलबागेला वळलो तेव्हा आला, पडावला वळलो तेव्हा आला. सरळ रस्त्याला गप्प. तेही बघून घे. वय झालंय बिचारीचं."

"बेअरिंग असेल," केदार म्हणाला. "जॅक घेऊन येतो."

तो आत गेला. गरिमा चहा सांगायला बाहेर पडली.

केदारला जरा वेळच लागला. जॅक तर जीपच्या चाकापाशीच पडलेला होता. हाक मारून सांगावं, असं महिपतरावांच्या मनात आलं, पण कामाच्या माणसाला टोकू नये म्हणून ते थांबले. बसल्या बसल्या त्यांनी नको म्हटलेला तो ऑटोमॅटिक नमुना उचलला. चांगलाच जड होता. मांडीवर घेऊन त्यांनी त्याचं एक टोक घट्ट धरलं आणि दुसरं फिरवलं.

टक.

त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा फिरवलं.

टक टक.

मान वर केली तेव्हा केदार आतल्या दारात उभा होता. हात रिकामेच होते.

महिपतरावांनी नमुना हळूच काउंटरवर ठेवला.

"केदार," ते म्हणाले, "आमच्या गाडीत हा कधी बसवलास?"