धारोष्ण

गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेतल्याशिवाय अप्पा दुधाला तोंड लावत नसत. अमेरिकेतल्या तान्ह्या नातवाचा व्हिडिओ घरच्या इंटरनेटवर आठवडाभर उतरेना, तसे ते शाहूपुरीत कंपनीच्या ऑफिसात थडकले. "दोनशे छप्पन केबीचं स्पीड सांगितलंसा, घरात बत्तीसच येतंय!" काउंटरवरची शिवानी समजावू लागली, "काका, ते दोनशे छप्पन बिट हायत. आठ बिटांचा एक बाइट. घरात बाइट दिसत्यात, बत्तीस बरोबर हाय." "म्हंजे आठ लिटरात सात लिटर पाणी!" अप्पांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर आपटला. "वाटेत कुणीतरी ओततंय. हितंच, माझ्यासमोर धार काढा." हसू दाबत शिवानीनं त्यांचा मेल उघडून व्हिडिओ भरून दिला. सांडू नये म्हणून पेन ड्राइव्ह ओंजळीत धरून अप्पा घरी आले. पडद्यावर नातू खुदकन हसला. "बघ लीला, थेंबभर पाणी न्हाय!" बायको म्हणाली, "मग तुमच्या डोळ्यांत कुठनं आलं?"