चौदा किलो

साखरेचा आजार निघाला तशी नोझिबेलेनं चहातली साखर सोडली, पांढरा पाव सोडला, रोज टेकडी चढून-उतरून सात महिन्यांत चौदा किलो उतरवले. दवाखान्यातल्या सिस्टरनं काट्याकडे बघून तिला मिठीच मारली.

गावात मात्र जावेनं तिचा कप वेगळा ठेवला. चर्चमध्ये ती अमाग्विन्या, म्हणजे मैद्याचे फुगीर गोळे, तळायला पीठ मळत बसली, तर "राहू दे गं, दमशील" म्हणत कुणीतरी परात ओढून घेतली. आणि एका गुरुवारी लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या घालून चर्चच्या प्रार्थना-मंडळातल्या बायका घरीच आल्या. आजाऱ्याच्या उशाशी गातात ते गाणं गायल्या. मग त्यांच्यातली नोलुंडी हळूच म्हणाली, "लपवू नकोस गं. एचआयव्हीच्या गोळ्या आता फुकट मिळतात."

"अगं बाई, मला साखर आहे! मी मुद्दाम बारीक झालेय."

"मुद्दाम कुणी बारीक होतं का? आपल्याकडे असं वाळतं ते त्याच आजारानं."

किती जणींना सांगणार? भांडायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी आणलेली गरम अमाग्विन्यांची थाळी नोझिबेलेनं पुढ्यात ओढली, आणि चहात चार चमचे साखर घातली.

दोन वर्षांनी त्याच बायका तिला नळावर भेटल्या. "बघा, कशी गरगरीत झालीय! गोळ्या लागू पडल्या गं तुला!"



साखरेनं डोळे गेलेली नोझिबेले आवाजाच्या दिशेनं वळून नुसती हसली.