तिसरं इंजिन

प्रभाकररावांनी बेअरिंगचा नंबर टाकला आणि पडद्यावर शून्य आलं. चष्मा पुसून पुन्हा टाकला. पुन्हा शून्य. काउंटरपलीकडे वडनेरचा डोमाजी तुटकं बेअरिंग रुमालात घेऊन उभा होता. त्याची सोयाबीनची गंजी शेतात उघडी, मळणीयंत्र बंद, आणि वर आभाळ भरून आलेलं.

"रक्षा!" प्रभाकरराव तरातरा मागच्या खोलीत आले. "तुह्यं इंजिन झोपलं वाट्टे."

रक्षा त्यांच्या बहिणीची मुलगी. हिंगणघाटच्या या स्पेअर पार्टच्या दुकानात बारा हजार वस्तू. कोणती कुठे ठेवली ते क्षणात सांगणारं सर्च इंजिन तिनंच लिनक्सच्या सर्व्हरवर बसवलेलं. दसऱ्याला दोघे मामा वेगळे झाले आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. सर्व्हर तेवढा करवतीनं कापता येईना. मग तिनं त्याच मशीनवर दोन इंजिनं चालू केली, एक मोठ्या मामांचं, एक लहान मामांचं. एकाचा माल दुसऱ्याला दिसता कामा नये, ही दोघांचीही अट. बोलणं बंद असलेल्या भावांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र एकमत झालं होतं.

"झोपलं नाई मामा. आता ते तुमचाच माल पाह्यते."

"बेरिंग होतं आपल्याकडं. म्या सोता ठेवलं होतं."

"मंग ते लहान मामाच्या वाटनीत गेलं असन."

"पाह्य बरं."

"कशी पाहू? दाखवायचं नाई म्हनून तुम्हीच सांगितलं."

दारातून डोमाजीचा आवाज आला, "मालक, नसन तं सांगा. नागपूरची गाडी पकडतो." नागपूरला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला, आणि आभाळ काही दिवसभर थांबणारं दिसत नव्हतं. आपण केलेल्या चोख कामाचा रक्षाला पहिल्यांदाच राग आला.

"तिसरं इंजिन चालू करू का?" ती म्हणाली. "ते दोघांचंही पाह्यते. पन मंग तुमचंही लहान मामाले दिसन."

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. खोलीच्या दुसऱ्या दारात लहान मामा, बापूराव, कधीचे येऊन उभे होते. ते रक्षाकडेच पाहून म्हणाले, "त्याइले सांग, माही काई हरकत नाई."

"त्याले सांग, माहीबी नाई."

रक्षानं दोघांनाही काही सांगितलं नाही. तिनं तिसरं इंजिन चालू केलं. आधीच दोन ओझी वाहणाऱ्या मशीनचा पंखा घरघरला, त्यानं जरा दम खाल्ला, आणि पडद्यावर ओळ उमटली: बापूराव, माळा, डबा चौदा.

बापूराव शिडी चढून माळ्यावर गेले. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग वरून आवाज आला, "रक्षा, चौदा नंबरचा डबाच नाई अठी!"

"त्याले सांग, हाय. उंदरानं आकडा खाल्ला त्याचा. मांगच्या रांगेत पाह्य."

"त्याइले विचार, कोन्या रांगेच्या मांग?"

डोमाजीनं कपाळावर हात मारला. "आरं देवा, आभाळ काय तुमची पंचायत सरेपर्यंत थांबते का?"

प्रभाकररावांनी चपला काढल्या, भिंतीला वळसा घातला आणि शिडीला हात लावला. दसऱ्यापासून ते भावाच्या बाजूला गेले नव्हते. वर दोन म्हाताऱ्यांची कुजबुज झाली, डबे सरकले, कोणीतरी शिंकलं. खाली उतरले तेव्हा दोघांच्याही डोक्यावर सारखीच धूळ होती आणि बेअरिंग बापूरावांच्या हातात होतं.

डोमाजी ते रुमालात बांधून धावतच गेला.

रक्षानं कीबोर्डवर हात ठेवला. "तिसरं आता बंद करू ना?"

बापूराव धोतराला हात पुसत राहिले. प्रभाकरराव पडद्याकडे पाहत म्हणाले, "राहू दे थोडं. मळनी चालू झाली असा डोमाजीचा फोन येऊ दे."

बापूराव थबकले. कितीतरी दिवसांनी ते थेट भावाकडे वळले. "डोमाजीकडं कुठी फोन हाय, दादा?"

"मले माहीत हाय," प्रभाकरराव म्हणाले.