पलीकडचा फोन

मेडशीला खेमाकाकांचा वायफायचा डबा दुरुस्त करायला गेलो, तेव्हा ते झाकलेलं ताट समोर घेऊन बसले होते.

"जेवून घ्या ना काका."

"घेतो. थांब जरा."

प्रत्येक फोनला कारखान्यातूनच स्वतःचा एक नंबर मिळालेला असतो आणि डबा तो लक्षात ठेवतो. घरात काका एकटेच, पण डब्यात दोन फोनांचे नंबर होते.

"काका, हा दुसरा फोन तुमचं नेट फुकटात वापरून राह्यला. त्याचा नंबर अडवून टाकू?"

"नको. राहू दे."

"मंग डबा तरी तुमच्या खाटेपाशी लावतो. इथं भिंतीले लावला तं अर्धी रेंज पलीकडं जाते."

"जाऊ दे बाप्पा. पलीकडं बबलू राह्यते, माहा पोरगा. वेगळा निघाला तवा मधात भिंत घातली त्यानं. बोलत नाही."

मी लॅपटॉपवर डब्याची सेटिंग तपासत होतो. तेवढ्यात स्क्रीनवर दुसरा नंबर हिरवा झाला.

"काका, तो फोन आत्ता जोडला गेला."

"आला वावरातून," म्हणत काकांनी ताटावरचं झाकण काढलं.