हँग होतो

तेजलने कॉम्प्युटरच्या मागे नाक नेऊन वास घेतला. जळकट काही नव्हतं. तरी तिने पुन्हा एकदा घेतला.

"नाही ना येत, ताई?" क्षमाने विचारलं. तिचं बाळ त्याच खोलीत, टेबलापासून हातभर अंतरावर पाळण्यात झोपलं होतं. कांदिवलीच्या त्या घरात दुसरी खोलीच नव्हती.

"नाही येत. पण खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं. विसरायचं नाही."

हा कॉम्प्युटर तेजलने आपल्या दुकानात स्वतःच्या हाताने जोडला होता, क्षमाच्या नवऱ्यासाठी, सम्यकसाठी. सम्यक शाळेची व्हॅन चालवायचा. तेजलची मुलगी भाविका त्याच व्हॅनमधून जायची, तीही हट्टाने पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी. सकाळी मुलांना सोडलं की शाळा सुटेपर्यंत सम्यक मोकळा. तेवढ्या वेळात मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळायचा. गडी हौशी.

आणि नवाकोरा कॉम्प्युटर खेळता खेळता हँग होत होता. स्क्रीन मध्येच थांबायची म्हणे. जरा वेळच, पण चालू होईपर्यंत सम्यक गेममध्ये मेलेला असायचा. मित्रांनाही तो ऐन गोळीबारात खांबासारखा उभा दिसायचा. ते शिव्या घालायचे.

दुसरं कोणी असतं तर "नेट स्लो असेल" म्हणून हात झटकून मोकळं झालं असतं. तेजलला ते जमत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिने जोडलेल्या एका कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला होता. तोही आधी असाच मध्येमध्ये थांबायचा. खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. घरात माणसं जागी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून कोणी 'हँग' म्हटलं की ती आधी मशीनचा वास घ्यायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर शेजारी पाळणा होता.

तिने पॉवर सप्लाय बदलला. रॅम बदलली. ग्राफिक्स कार्ड बदललं. कॉम्प्युटर दुकानात आणून दिवसभर तोच गेम चालवला, गिऱ्हाइकं नसताना स्वतःही खेळली, वाईट खेळली, पण तो एकदाही थांबला नाही. घरी नेला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा हँग. मग इलेक्ट्रिशियन नेऊन घरातलं अर्थिंग तपासलं. तेही ठीक निघालं. दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. सापडत नव्हता याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

"माझ्यासमोर का नाही होत रे?" तिने सम्यकला विचारलं.

"तुम्हाला घाबरतो, ताई," तो हसत म्हणाला.

क्षमा हसली नाही. तो दाराबाहेर गेल्यावर तिने सांगितलं की या कॉम्प्युटरपायी त्याचं कशात लक्ष नसतं. काल चहा कपात ओतत होता. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून खाली गेला, तरी हा ओततोच आहे. तेजलला अपराधी वाटलं. चांगल्या माणसाच्या डोक्याला आपण हा घोर लावला.

घरी भाविका मात्र खुशीत होती. व्हॅनमध्ये हल्ली ते 'स्टॅच्यू' खेळायचे. काका त्यात सगळ्यांत भारी. सिग्नलला कोणीतरी त्यांना स्टॅच्यू म्हणालं, तर सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी काका हलले नाहीत. एवढं कोणालाच जमत नाही, असं ती अभिमानाने सांगत होती. तेजल हं हं करत होती. तिच्या डोळ्यांपुढे तो पाळणा होता.

शेवटी तिने क्षमाला एक काम सांगितलं. सम्यक खेळायला बसला की मागे उभं राहून मोबाइलवर शूटिंग करायचं. हँग होताना पंखा, लाइट, स्क्रीन, काय काय थांबतं ते सगळं त्यात यायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात व्हिडिओ आला. खाली क्षमाचा मेसेज: ताई, एकदाचा सापडला. हे आत्ताच मुलांना आणायला गेलेत.

समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून तेजलने आवाज बंद करून व्हिडिओ लावला. पंखा फिरत होता. गेम चालू होता. भिंतीआडून एक जण उडी मारून आला, त्याने गोळ्या झाडल्या, सम्यकचा खेळाडू पडला, नवा डाव सुरू झाला. स्क्रीन क्षणभरही थांबली नव्हती. तिने पुन्हा पाहिलं. नव्हतीच थांबली.

तिला इतकं हलकं वाटलं की गिऱ्हाइकासमोरच हसू आलं. मशीन ठणठणीत होतं. इतके दिवस आपण साप साप म्हणून भुई धोपटत बसलो. बाळाला काही धोका नव्हता.

पण मग क्षमाला सापडलं ते काय?

गिऱ्हाईक गेल्यावर तिने आवाज मोठा केला आणि व्हिडिओ परत लावला. या वेळी तिने स्क्रीनच्या खाली, टेबलाकडे पाहिलं. गोळीबार चालला होता आणि माऊसवरचा सम्यकचा हात हलत नव्हता. कीबोर्डवरची बोटंही हलत नव्हती. "अहो," मागून क्षमाचा आवाज आला. मग जरा मोठ्याने, "अहो, बाळ उठलंय." बाळ रडायला लागलं, खेळाडू पडला, नवा डाव सुरू झाला, तरी तो मान वळवेना. मग एकदम त्याचा हात हलला.

"घेतलंस ना शूट?" सम्यक म्हणाला. "आत्ता बघ, केवढा वेळ थांबला होता."

तेजलची नजर व्हिडिओखालच्या मेसेजवर गेली: हे आत्ताच मुलांना आणायला गेलेत.