पाडव्याची नोंद

"हे बघा, जयवंतकाका. वीस लाख मनमोहनकाकांच्या नावावर जमा आहेत. तुमच्या नावावर काहीच नाही."

सीए कादंबरीनं लालबागच्या छापखान्याची जुनी वही त्यांच्यासमोर फिरवली. जयवंतनी चष्मा लावला नाही. ते पान त्यांना पाठ होतं.

त्या पाडव्याला छापखान्यात नवी ऑफसेट मशीन आली. गावची जमीन विकून वीस लाख जयवंतनीच घातले होते. पण चारच दिवस आधी त्यांचा भाऊ गेलेला. सुतकात नव्या वहीत नाव कसं घालायचं? "तुझ्या नावावर लिही रे," ते भागीदार मनमोहनला म्हणाले होते. "तेरावं होऊ दे, मग बघू." त्याला पंधरा वर्षं झाली.

दीड वर्षापूर्वी त्यांनी आपली भागी मनमोहनलाच बत्तीस लाखांना विकली. अठ्ठावीस बायकोच्या, मीराबाईच्या किमोत गेले. उरलेले चार पुढच्या इंजेक्शनांचे.

"इन्कम टॅक्सवाले म्हणतात, तुमचं काही गुंतलंच नव्हतं. म्हणजे बत्तीसच्या बत्तीस लाख नफा. टॅक्स चार लाख."

"आणि हिच्या आजारपणाला गेले ते?"

"ते यात धरत नाहीत, काका." कादंबरीनं वही मिटली. "पैसे तुमचे होते, एवढं मनमोहनकाकांनी लिहून दिलं तर दीड लाखावर येईल. पण शुक्रवारच्या आत. दोनदा तारीख वाढवून घेतलीय, आता मिळायची नाही."

जयवंतनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"मन्या, दोन ओळी लिहून हव्यात रे. पाडव्याच्या त्या पैशांच्या."



"अरे जयवंता, परवा आमचे वसईचे काका गेले. सुतक आहे. सही कशी करू? तेरावं होऊ दे, मग बघू."

कादंबरी फोनकडे झुकली. जयवंतनी हातानं तिला थांबवलं.

"बरं," ते म्हणाले.

मनमोहननं फोन खाली ठेवला असावा, पण कट केला नव्हता. मागे मशीन चालू होती. एका लयीत खटखट, आणि मधूनच बारीक किरकीर.

जयवंत मान कलती करून ऐकत राहिले.

"बेअरिंग कोरडं पडलंय," ते म्हणाले. "तेल घालत नाहीत."